उकंडाबाबाचं नवं वर्ष

उकंडाबाबाची गाडी अमरावतीत कोणी चाकांच्या आवाजावरून ओळखत नसे. गाडी वेशीपासून अर्ध्या कोसावर असली तरी त्याचं तोंड आधी गावात शिरायचं. सुरुवात बैलाच्या आईपासून. मग बैलाची मावशी, मग ज्या बाजारात बैल घेतला तो बाजार, तिथला दलाल आणि त्या दलालाची दाढी. सकाळी दिलेली शिवी संध्याकाळपर्यंत पुन्हा यायची नाही. कापूस बाजारातले आडते हातातलं काम टाकून ऐकत उभे राहिलेले मी पाहिले आहेत. आणि गंमत अशी, की पराणी त्यानं बैलाला कधी लावली नाही. पराणीच्या टोकाचा खिळा त्यानं काढूनच टाकला होता. विचारलं तर म्हणायचा, "मुकं जनावर हाय वो. त्याले टोचावं कायले? देवानं तोंड देल्लं हाय ना मले."

हा माणूस आमच्या ख्रिस्ती मंडळीतला होता, हीच आमची पंचाईत.

त्याच्या आईची पहिली लेकरं जगली नाहीत. एक मुलगा वाचला, त्याचं नाव तिनं कडू ठेवलं, म्हणजे देवाला गोड लागू नये. त्याच्यामागून हा झाला, तेव्हा त्याला उकिरड्यावर, आमच्याकडच्या भाषेत उकंड्यावर, लोळवून आणलं आणि नावही तेच ठेवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनच्या गोऱ्या साहेबांनी चांगलं शास्त्रातलं नाव काढून ठेवलं होतं. उकंडाबाबानं ते घेतलं नाही. "साहेब, तुमच्या देवानं मले उचललं ते उकंड्यावरूनच. आता नाव बदललं तं त्याले वाटन, ह्यो कोन नवा आला!" साहेबांचं मराठी पुण्याच्या शास्त्रीबुवांकडून शिकलेलं; त्यांना यातलं निम्मंच कळलं. पण ते हसले आणि नाव तेच राहिलं.

ठेंगणा, मानेनं जाड, डाव्या कानाची पाळी कधीतरी बाळी ओढली जाऊन फाटलेली. चालताना एक खांदा पुढे, जणू गाडी अजून त्याच्याच अंगावर आहे. ख्रिस्ती कसा झाला हे तो दर वेळी वेगळं सांगायचा. मी दोन-तीनदा विचारून सोडून दिलं.

मी तेव्हा अमरावतीला मिशनच्या शाळेत मास्तर होतो. वय एकवीस. माझे वडील भाजीच्या मळ्यावर मोट हाकत. आमच्या सात पिढ्यांत अक्षर ओळखणारा मी पहिला, आणि पुढं मुंबईला जाऊन पदवी घेतली तीही घराण्यातली पहिलीच. यात मी मोठेपणा मिरवतो असं कोणाला वाटलं तर वाटो. मोट हाकणाऱ्याच्या मुलानं ते का सांगू नये?

मंडळी आमची लहान. पाच-सहा घरं, शाकारलेलं एक प्रार्थनेचं घर, आणि यादवराव उपदेशक. यादवराव कडक माणूस. त्यांच्या उपरण्याची घडीसुद्धा कधी मोडलेली दिसली नाही. पण प्रभुभोजन द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. तो साहेबांचा. साहेब लांब राहायचे, वर्षातून एकदा थंडीत तंबू घेऊन यायचे, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आम्हांला भाकर आणि प्याला मिळायचा. त्या दिवशी हुकलं की पुढं बारा महिने वाट पाहायची. पहिल्यांदा बसणाऱ्याबद्दल साहेब मंडळीला विचारायचे, कोणाची हरकत आहे का. उकंडाबाबाच्या वेळी यादवराव उभे राहिले होते. एकदा नाही, लागोपाठ दोन वर्षं.

"साहेब, ज्या तोंडानं हा बैलाच्या आईचा उद्धार करतो, त्याच तोंडात प्रभूची भाकर घालायची?"

पहिल्या वर्षी उकंडाबाबा म्हणाला, "बैलाच्या मायची हरकत नाई, मंग यादवरावले काहून?" लोक हसले आणि तो बाहेर बसला. दुसऱ्या वर्षी तो काही बोलला नाही. भोजन चालू असताना दारातून मला त्याची पाठ दिसत होती. हे मी लिहितो ते त्या दुसऱ्या वर्षापासूनचं.

आमच्यात एक रीत होती. भोजन झाल्यावर प्रत्येकानं उभं राहून एकच गोष्ट सांगायची: या वर्षात मी देवाकडे कोणतं पाऊल टाकीन. आणि मंडळीतला एक साक्षी निवडायचा, ज्यानं वर्षभर कधीही विचारावं आणि आपण खरं सांगावं. बहुतेक लोक सोपं सांगत. रोज दोनदा प्रार्थना करीन, शेजारणीशी गोड बोलेन. मी म्हणालो, शास्त्राचा रोज एक अध्याय इंग्रजीतून वाचीन. सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. तेवढ्याचसाठी मी ते म्हणालो होतो.

उकंडाबाबा बाहेरून आत आला. पागोटं काढून हातात धरलं. "यंदा बैलायले शिवी देनार नाई. मास्तर माहे साक्षी."

मी म्हटलं, "उकंडाबाबा, मी शाळेत असतो, तुम्ही रस्त्यावर. मला कळणार कसं?"

"मी सांगीन ना. मी शिव्या देतो मास्तर, खोटं नाई बोलत."

ते दिवस कसे होते हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती आणि इकडे आमच्या काळ्या मातीतला कापूस सोन्याच्या मोलाचा झाला होता. लोक बैलांच्या शिंगांना चांदी लावायचे. आगगाडी अजून आमच्यापर्यंत यायची होती, म्हणून गाडीवान म्हणजे राजा. आणि सगळी घाई नेमकी नाताळ ते शिमगा याच दिवसांत. कोणी सहा दिवस गाडी हाकून सातव्या दिवशी सोडून ठेवली तर लोक त्याला वेडा म्हणत. आडत्याचा मुनीम उकंडाबाबाच्या मागे लागायचा: "अरे, हंगाम हाय तवरक गाडी हाक. देवाचं पावसाळ्यात पाहू!"

"मुनीमजी, पावसाळ्यात मी मेलो तं?"

"तं मंग त्याचीच भेट झाली. घाई कायची?"

उकंडाबाबाला हे उत्तर फार आवडलं. चार ठिकाणी त्यानं ते सांगितलं. पण रविवारी गाडी सोडलेलीच राहिली.

संकल्पानंतर आठ दिवसांनी तो शाळेच्या दारात उभा. पोरं पाढे म्हणत होती. त्यानं दारातूनच दोन बोटं दाखवली.

"काय?"

"दोन. मूर्तिजापूरच्या अलीकडे, नाल्यात. एक मोऱ्याले. एक चाकाले."

"चाकाला दिलेली धरायची?"

"तुमी शिकेल मानूस. तुमी सांगा."

मी विचार करून म्हणालो, संकल्प बैलांबद्दल होता, चाकाची सोडून देऊ. त्यानं मान हलवली. "नाई, धरा. चाकाले देल्ली ती मोऱ्यानं आयकली, अन् मंगच चालला."

यातच त्याची खरी अडचण होती. ते बैल शिव्यांवरच वाढलेले. गाडी अडली की मोऱ्या आणि पाखऱ्या कान मागं करून वाट पाहत उभे राहायचे. धनी तोंड उघडेपर्यंत पाऊल पुढं टाकायचं नाही, असा त्यांचा रिवाज.

उन्हाळ्याच्या आधी मी अकोल्याला शाळेच्या कामासाठी त्याच्या गाडीतून गेलो. काटेपूर्णेच्या अलीकडे चांगला सरळ रस्ता सोडून त्यानं गाडी डावीकडे वावरांमधून घातली. तीन कोसांचा फेरा, धड वाट नाही, कापसाच्या गाठींवर बसून माझी हाडं खिळखिळी झाली. मी विचारलं, "सरळ रस्त्याला काय झालं?"

"तिकडची वाट बैलायले मानवत नाई."

बैल तर दर वेळी त्याच रस्त्याकडे वळू पाहत होते आणि तो कासरा ओढत होता. मी आणखी विचारलं नाही.

त्या फेऱ्यात एका नाल्याच्या गाऱ्यात गाडी रुतली. मागून दुसऱ्या तीन गाड्या आल्या. त्या गाडीवानांना उकंडाबाबाचा संकल्प कळलेला होता. सगळ्या वाटेवर तो कळलेला होता.

"दे ना बे उकंड्या एक! येवढीशी दे. तुहा येशू दुपारचा निजला असन."

"बाटल्यावर जीभ बी बाटली का रे?"

बैल कान मागं करून उभे. उकंडाबाबाचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या, तोंड उघडलं. मी गाठीवर बसून डोळे मिटले. आणि तोंडातून आलं ते भजन. आमच्या मंडळीत म्हणतात ते, पण चाल कुठल्या कुठे गेलेली, आवाज दळणाच्या जात्यासारखा. मोऱ्यानं मागं वळून पाहिलं. मी बैलाच्या तोंडावर इतकं आश्चर्य त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. दुसरं कडवं सुरू झालं आणि गाडी नाल्याबाहेर आली.

"भेवून चालले रे बैल!" मागचा गाडीवान ओरडला. "म्हनले, शिवी परवडली!"

तेव्हापासून तो भजनावर गाडी हाकू लागला. याचा एक परिणाम मात्र कोणाच्या ध्यानात आला नव्हता. पुढच्या एका शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यानं भरली गाडी जुंपलेलीच प्रार्थनेच्या घराबाहेर उभी केली आणि आत येऊन बसला. यादवरावांनी तेच भजन सुरू केलं. सगळी मंडळी जोरात म्हणू लागली. इतक्या गळ्यांचा हुकूम बैलांनी कधी ऐकला नव्हता, ते निघाले. बाहेरच्या म्हातारीनं हाक मारेपर्यंत गाडी बाजाराच्या वळणावर होती. अर्धी मंडळी मागं धावली, यादवराव सगळ्यांत पुढं, त्यांचं उपरणं बाभळीला अडकून राहिलेलं. गाडी थांबली ती भजन ऐकू येईनासं झाल्यावर. धापा टाकत यादवराव म्हणाले, "उकंडा, पूर्वीचंच बरं होतं रे!" आणि लगेच त्यांनी जीभ चावली. उकंडाबाबानं ते वाक्य त्यांना पुढं कधी ऐकवलं नाही. मी असतो तर ऐकवलं असतं.

पावसाळा गेला, दसरा गेला. शाळेच्या दारातली बोटं कमी झाली. दोनाचं एक, मग नुसता पंजा हलवून तो पुढं जायचा: काही नाही. मला वाटायचं, झालं, आपला माणूस पार झाला. साक्षी म्हणून मला त्याचा अभिमान वाटू लागला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा माझाही.

एवढं मात्र दिसत होतं, की संकल्प पुरा होत आला तसा तो गप्प होत चालला. शिव्या गेल्या त्या जागी भजन आलं होतं. पण गाडी सोडल्यावर भजनही नसायचं. एकदा मी म्हटलं, "उकंडाबाबा, आता तर खूश असायला हवं."

तो म्हणाला, "मास्तर, लय गोंगाट होता तवा एक आवाज आयकू येत नव्हता. आता येऊन राहिला."

नवं वर्ष आलं. साहेबांचा तंबू निंबाखाली लागला. प्रार्थनेचं घर शेणानं सारवलेलं, पांढऱ्या कापडावर भाकर आणि प्याला. साहेबांनी विचारलं, उकंडाबद्दल मंडळी काय म्हणते. सगळे यादवरावांकडे पाहू लागले. यादवराव उठले.

"साहेब, दोन वर्षं मी हरकत घेतली. यंदा मीच विनंती करतो. याला बसू द्या."

साहेबांनी हात पुढं केला. उकंडाबाबा उठला, दोन पावलं पुढं आला आणि थांबला.

"नाई साहेब. मले अजून नाई बसता येत."

मला वाटलं, तो ऐन वेळी घाबरला. मी मागून हळूच म्हणालो, "उकंडाबाबा, दसऱ्यापासून बैलाला एकही—"

"बैलाची गोष्ट नाई मास्तर. बैल शिवी इसरते." तो साहेबांकडे वळला. "माही माय मेली तवा माह्या भावानं मले सांगावा धाडला नाई. मी गाडी घेऊन वाटेवर होतो. आठ दिवसांनी मले कयलं. मी त्याच्या दारात उभा राह्यलो, अन् माहं तोंड तं तुमाले मालूम हाय. भावाले देल्ल्या, वैनीले देल्ल्या. त्यायच्या घरात दिवा लावाले कोनी उरनार नाई, असं बोललो. सारं गाव आयकत होतं. दोन महिन्यानं त्यायचा एकुलता पोरगा तापानं गेला."

त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

"मी मारला नाई. देव असं कोनाचं आयकत नाई, हे यादवरावनं मले शिकोलं. पन वैनीले कोनं शिकोलं? ते रोज सकायी उठते अन् तिले वाटते, त्यानं म्हनलं अन् झालं. तवापासून मी त्या गावाले फेरा घालून जातो. वर्षभर मी बैलाची शिवी मोजत बसलो, काहून का ते सोपं होतं."

यादवराव म्हणाले, "अरे, पण आज बसलास तरी चालेल. उद्या जा भावाकडे. नाहीतर आता पुढच्या वर्षावर जाईल."

साहेब हळूच म्हणाले, "येत्या रविवारी मी अकोल्यास भोजन देणार आहे. तोवर जाऊन येशील काय?"

"जातो," उकंडाबाबा म्हणाला. त्यानं पागोटं घातलं. "ह्यो यंदाचा माहा संकल्प. मास्तर, साक्षी तुमीच. चाला."

शाळेला सुट्टी होती. गेलो. वाटेत तो बोलला नाही आणि गायलाही नाही. आश्चर्य म्हणजे बैलही मुकाट्यानं चालले. शनिवारी दुपारी आम्ही काटेपूर्णेच्या अलीकडच्या त्या फाट्यावर पोचलो. या वेळी त्यानं कासरा ढिला सोडला. बैल सरळ रस्त्यानं गावात शिरले.

त्याच्या भावाचं, कडूजीचं, घर गावाच्या कडेला. अंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग, त्यावर जुनं लुगडं टाकलेलं. कडूजी म्हणजे उकंडाबाबाच, फक्त वाळलेला आणि दोन्ही कान शाबूत. त्यानं भावाला पाहिलं आणि बसल्या जागेवरून उठला नाही. शेजारची माणसं गोळा झाली. उकंडाबाबानं गाडी कुंपणाबाहेरच सोडली, कारण बाटलेल्यानं अंगणात पाय ठेवावा की नाही हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

"कडूभाऊ."

"बोल."

"मायच्या वक्ताले सांगावा काहून नाई धाडला?"

मी मनात म्हटलं, झालं. क्षमा मागायला आला आणि आधी जाब विचारतो आहे. पण कडूजी जमिनीकडे पाहून म्हणाला, "तू आला असता तं खांदा द्याले कोनी थांबलं नसतं. चार घरचे लोक उठून गेले असते. माय तशीच अंगनात राह्यली असती. मी तुले नाई निवडलं. मायले निवडलं."

उकंडाबाबा कुंपणाचा खांब धरून उभा राहिला. त्याच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं, हे त्याच्याकडे पाहून कळत होतं. इतकी वर्षं तो एका गोष्टीवर जळत होता आणि ती गोष्ट अशी होती.

मग तो घराच्या दाराकडे वळला. आत अंधारात वहिनी उभी असावी; बांगड्यांचा आवाज आला होता.

"वैनी," तो म्हणाला, "मी बोललो ते माह्या तोंडानं बोललो. देवानं नाई आयकलं, पन तू आयकलं. मी जेवढ्या देल्ल्या तेवढ्या तू मले दे. मी उभा हाय."

गाव ऐकत होतं. कडूजी उठून दाराशी गेला, परत आला, बसला. कोणीतरी खोकलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग ती बाहेर आली. उंच बाई, कपाळ रुंद, डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचलेला. तिनं उकंडाबाबाकडे पाहिलं नाही. हातात पाण्याची मोठी बादली होती. ती कुंपणाबाहेर गेली, बादली मोऱ्यापुढं ठेवली, त्याचं पिऊन झाल्यावर पाखऱ्यापुढं ठेवली. दोघांच्या कपाळावरून हात फिरवला. मग बैलांकडेच पाहत बोलली.

"माह्या तोंडात नाई येत त्या. लय वेळ आनून पाह्यल्या." मग म्हणाली, "उद्या खालच्या वावरात कापसाचा येचा हाय. दोन बाया ठरल्या. गाडी नाई. अख्ख्या गावात ह्या दिवसात कोनाची गाडी भेटत नाई."

एवढं बोलून ती आत गेली.

उद्या म्हणजे रविवार. मी उकंडाबाबाजवळ गेलो. "उद्या अकोल्याला साहेब भोजन देणार. वर्षभर त्याच्यासाठीच तर... सोमवारी गाडी देतो म्हणा."

"तिनं उद्या म्हनलं मास्तर."

"रविवार आहे उकंडाबाबा. तुम्ही मुनीमजीला सुद्धा रविवार दिला नाही."

"मुनीमजीच्या लेकराले मी बोललो नव्हतो." त्यानं बैलांच्या गळ्यातले पट्टे काढायला सुरुवात केली. "तुमी जा. यादवरावले काय सांगायचं ते सांगा. खरं सांगा म्हनजे झालं."

मी चिडून निघालो. दुसऱ्या एका गाडीतून संध्याकाळपर्यंत अकोला गाठलं. मला वाटत होतं, इतका जवळ येऊन या माणसानं हातचं घालवलं. बावीस वर्षांचा शिकलेला माणूस आणखी काय विचार करणार?

सकाळी साहेबांनी विचारलं, "उकंडा आला काय?" मी सगळं सांगितलं, बादली, वेचा, रविवार. आता साहेबांबरोबर आलेले यादवराव उसळतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते.

"रविवारी कापूस वाहतो आहे," ते म्हणाले.

"हो."

"तिनं मागितली म्हणून."

"हो."

मग ते साहेबांना म्हणाले, "पुढल्या वर्षी त्याच्यासाठी जागा ठेवायची. यात मंडळीला विचारायची गरज नाही. मी आजच सांगून ठेवतो." आणि प्रार्थनेला उभं राहताना त्यांना शब्द लवकर सापडेनात. तसं त्यांचं कधी होत नसे.

पुढच्या वर्षी तो बसला, असं मला यादवरावांच्या पत्रानं मुंबईला कळलं. मी तिथं कॉलेजात होतो. मी ते पाहिलं नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आगगाडी आली, गाडीवानांचे दिवस पालटले, आणि माझी-त्याची पुन्हा गाठ पडली नाही. दर नव्या वर्षाला मी अजून एक गोष्ट ठरवतो. ठरवताना आधी सोपी सुचते. मग मी ती बाजूला ठेवतो, आणि आपण कुठल्या गावाला फेरा घालून जातो ते शोधतो. मंडळीतल्या तरुणांनाही मी एवढंच सांगतो. पदवीनं मला पुष्कळ शिकवलं. हे मात्र पदवीच्या आधीचं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या रविवारनंतरच्या सोमवारी; तो अमरावतीला परतण्याआधीच मी मुंबईला गेलो. साहेबांचा टांगा परत निघाला होता. मी आणि यादवराव बरोबर होतो. फाट्याच्या जवळ खालच्या वावरातून गाडी वर चढताना दिसली. दोन दिवसांचा वेचा, मोकळा कापूस माणसाच्या उंचीचा रचलेला, त्यावर वहिनी बसलेली. पुढं उकंडाबाबा. वाट बाभळींमधून होती, आणि दर दहा पावलांवर कापसाचे झुपके काट्यांना लागून राहत होते. कडूजी मागून चालत एकेक झुपका काट्यातून सोडवायचा, तोवर उकंडाबाबा गाडी उभी करायचा. कडूजी झुपका वर फेकायचा, गाडी हलायची, पुन्हा काटा, पुन्हा उभी.

साहेब म्हणाले, "त्याला हाक मारू या?"

यादवराव म्हणाले, "नको. कामात आहे."

आम्ही टांगा बाजूला घेऊन त्यांना वाट दिली. त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. गाडी पुन्हा थांबली. कडूजी एका फांदीत हात घालून काटे सोडवत बसला, आणि उकंडाबाबा कासरा मांडीवर टाकून खुशाल त्याची वाट पाहत राहिला. तेव्हा कापसावरून ती कडाडली, आणि तिचा आवाज आमच्यापर्यंत स्वच्छ आला:

"भाऊजी, हाका आता! ह्यायच्यासाठी थांबत बसलं तं उद्याच उजाडन. दोघं बी सारखेच हा तुमी!"